घरची फणी, बाहेरची कातर

आमच्या घरात गेली चार वर्षे दोन पक्ष नांदत आहेत. निवडणुका, चिन्हे आणि जाहीरनामे यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. वादाचा विषय एकच : मोतीचे केस कोणी विंचरावेत, कोणी कापावेत आणि त्यासाठी पैसे मोजावेत की नाही. मोती हा आमचा कुत्रा. जातीने तो ल्हासा. म्हणजे उंचीला जेमतेम सव्वा वीत, परंतु केसांच्या बाबतीत एखाद्या जटाधारी तपस्व्यालाही मागे टाकील असा. पहिल्या पक्षाच्या पुढारी आमच्या मातुःश्री. त्यांचे म्हणणे, "घरच्या लेकराला न्हाऊमाखू घालायला कोणी भाड्याची माणसे आणते का ?" दुसऱ्या पक्षाचे नेतृत्व आमच्या चिरंजीवांकडे. ते विचारतात, "आजी, तुझा दात दुखला तेव्हा तू घरीच पक्कड घेऊन बसलीस का ? डॉक्टरांकडेच गेलीस ना ?" या दोन पक्षांच्या मध्ये आम्ही : पैसे देणारे, साखळी धरणारे आणि शेवटी दोन्हीकडून बोलणी खाणारे.

शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावयाचे ठरले तेव्हा हाच विषय प्रथम मनात आला. तो हसण्यासारखा वाटतो खरा. पण या वादात एकदा मोतीच्या जिवावर बेतले होते, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच होता. तो कसा घडला हे सांगितले, तर वाचकांपैकी एखाद्याच्या घरचे मुके जनावर त्या यातनांतून वाचेल, या आशेने हे लिहीत आहोत.

आम्ही पादऱ्याला राहतो. बडोद्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरांवरचे हे तालुक्याचे गाव. भोवतालची काळी-गोराडू जमीन भाजीपाल्याला मोठी मानवणारी; पहाटे येथून वांगी, मिरच्या, तुरीच्या शेंगा भरून वाहने शहराकडे निघतात, आणि त्यांच्या घरघराटानेच आम्हांला जाग येते. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून म्हणून येथे आले आणि येथलेच झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. राज्ये बदलली, तरी आमच्या स्वयंपाकघरातली भाषा काही बदलली नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, असा आमचा चार पिढ्यांचा रिवाज. मोतीही या रिवाजात मुरला आहे. आम्ही 'ये' म्हटले तरी तो येतो आणि शेजारच्या काकींनी 'आव' म्हटले तरी जातो. 'आंघोळ' आणि 'नहावानुं' हे दोन शब्दही त्याला सारखेच कळतात. त्यांपैकी कोणताही कानी पडला की तो पलंगाखाली अंतर्धान पावतो.

मोती आमच्याकडे आला तो पुण्याहून. तेथील एका आप्तांची परदेशी बदली झाली आणि सहा महिन्यांचे ते पिलू आमच्या पदरात पडले. त्याच्या पूर्वजांचा मुलूख तिबेटातला. ल्हासा हे शहर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहूनही अधिक उंचीवर वसलेले. तेथल्या मठांतून आणि घरांतून ही इवलीशी कुत्री दारातली चाहूल देण्याच्या कामी पाळली जात. त्या बोचऱ्या वाऱ्यात टिकाव लागावा म्हणून निसर्गाने त्यांना दुहेरी पांघरूण दिले : वर लांब, सरळ, काहीसे राठ केस आणि खाली मऊ, दाट लव. असे पांघरूण लेवून हा प्राणी पादऱ्याच्या मे महिन्यात येऊन पडला !

आपल्या मातीने स्वतः घडविलेली कुत्री कशी असतात, हे पाहावयाचे असल्यास डाकेची तिकिटे पाहावीत. २००५ साली भारतीय डाक खात्याने चार देशी श्वानजातींची तिकिटे काढली होती. मुधोळ, रामपूर आणि राजपालयम या तिघांची कातडी कशी गुळगुळीत, केस आखूड. चौथा हिमालयातला मेंढपाळ कुत्रा, तो मात्र केसाळ. सपाटीवर आखूड केस आणि पहाडात लांब केस, असा सृष्टीचा साधा हिशेब आहे. आपल्याकडच्या कारवान कुत्र्यांत कान, शेपूट आणि पाय यांवर रेशमी झुपके असलेला पश्मी नावाचा एक प्रकार आढळतो. पण तीही झालरच, रजई नव्हे. रजई पांघरलेले कुत्रे सपाटीवर आणून ठेवणे ही माणसाची हौस; तेव्हा त्या रजईची निगा राखणे हेही माणसाच्याच अंगावर येते. आमच्या एका शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मोतीकडे पाहून सुनावले, "तुमचे म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाले !" तेव्हा आम्ही हसलो होतो. त्या विनोदातले तथ्य पुढे ध्यानात आले.

आरंभी घरच्या पक्षाचीच सत्ता होती. आईने आपल्या नातवंडांचे केस जसे वाढविले तसेच मोतीचे वाढवावयाचे ठरविले. रोज सकाळी खोबरेल तेल आणि लाकडी फणी घेऊन ती ओसरीवर बसे. मोतीलाही ते सुख मानवे; तो डोळे मिटून पडून राही. पण तेल लावलेला कुत्रा अंगणात लोळला की काय होते, हे ज्याने पाहिले नाही त्याने ते पाहण्याच्या भानगडीत पडू नये. चार दिवसांत पांढऱ्याशुभ्र मोतीचा रंग सुतळीच्या पोत्यासारखा झाला. मग त्याला मोरीवर नेऊन आमच्याच डोक्याला लावावयाच्या शांपूने खसखसून धुतले. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि कुत्र्याची त्याहून बरीच उदासीन. त्यामुळे माणसासाठी केलेला साबण वा शांपू त्याच्या कातडीला कोरडी पाडतो, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. मोती आठवडाभर अंग खाजवीत बसला.

त्याहून मोठी चूक निराळीच होती. आम्ही त्याला आधी धुतले आणि मग विंचरावयास बसलो. वास्तविक क्रम उलटा हवा. मोकळ्या केसांना पाण्याचे भय नसते. गुंता झालेला केस मात्र भिजला आणि चोळला गेला की आवळतो. लोकर भिजवून, मळून तिचा नमदा करतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्या मोरीत त्या दिवशी साबणपाण्याच्या आणि चार हातांच्या साहाय्याने मोतीच्या अंगावर कानांमागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस असे लहानमोठे सात नमदे तयार झाले. फणीचे दोन दात मोडले. मोतीने आयुष्यात प्रथमच आमच्या हाताला दात लावले. रक्त मात्र काढले नाही. तो इशारा होता, आणि न्याय्यही होता.

सत्तांतर झाले ते या प्रसंगानंतर. चिरंजीवांनी बडोद्यातील एका दुकानाचा पत्ता काढला. कुत्र्यांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस कापणे असे सर्व संस्कार तेथे होतात, असे कळले. आम्ही मोतीला घेऊन गेलो. काचेचे दार, थंडगार हवा, भिंतीवर विलायती कुत्र्यांची चित्रे. पाहून आम्हीच थोडे बिचकलो. एका तरुणाने मोतीला आत नेले आणि आम्हांला बाहेर बसावयास सांगितले. दीड तासाने दार उघडले आणि साखळीच्या टोकाला एक अनोळखी प्राणी बाहेर आला. तो मोती होता हे आम्हांला त्याच्या डोळ्यांवरून ओळखावे लागले. गुंते सोडविण्याच्या खटाटोपात न पडता त्याला यंत्राने कातडीपर्यंत भादरून टाकले होते. पोटावर आणि काखेत लाल चट्टे उठलेले. यंत्राचे पाते चालून चालून तापते आणि तापलेले पाते पोळते, हे मागाहून कळले. बाराशे रुपये मोजून आम्ही बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर कोणी कोणाशी बोलले नाही.

तीन दिवस मोती पलंगाखालून बाहेर आला नाही. कुत्र्याला माणसासारखी लाज वाटते की नाही याचा निर्णय पंडितांनी करावा. त्या मुक्या जिवाला आपले अंग परके झाल्यासारखे वाटत होते, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. "उन्हाळ्यात बरे वाटेल त्याला," असे आम्ही एकमेकांना समजावीत होतो. तेही सर्वस्वी खरे नव्हते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो पंजांच्या तळव्यांना तेवढा येतो. अंगातली उष्णता तो मुख्यत्वे जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितो. अंगावरचे विंचरलेले, मोकळे केस उन्हाची झळ थेट कातडीला पोहोचू देत नाहीत. घराच्या छपरासारखाच हा प्रकार : उकडते म्हणून छप्परच उतरविले, तर ऊन थेट माथ्यावर येते. ल्हासाचे केस आखूड करण्यास प्रत्यवाय नाही. कातडी उघडी पाडणे मात्र वाईट. स्पिट्झसारख्या, ज्यांना आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, त्या कुत्र्यांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. मुळापासून भादरलेले त्यांचे केस कधी कधी पुन्हा नीट उगवतच नाहीत.

या प्रकरणानंतर घरचा पक्ष प्रचंड बहुमताने पुन्हा अधिकारारूढ झाला, हे सांगावयास नकोच. "आता याला कोणाचा हात लागू देणार नाही," असे आईने जाहीर केले, आणि आम्हीही मान डोलावली. आमच्या त्या मान डोलावण्यात स्वावलंबनाचा अभिमान होता, तसा थोडा कद्रूपणाही होता, हे आज कबूल केले पाहिजे. नऊ-दहा महिन्यांत मोतीचे केस पुन्हा वाढले. आई रोज फणी फिरवी. पाठीवरून रेशमाचा पट सोडावा तसे ते केस दोन्ही बाजूंनी भांग पडून खाली येत. येणारे-जाणारे थांबून कौतुक करीत आणि आम्ही ते आपलेच कौतुक समजून स्वीकारीत असू.

पुढे श्रावण आला. त्या वर्षी पाऊस काही केल्या हटेना. अंगण चिखलाने भरले, कपडे वाळेनात, आणि मोतीही पुरता कधी वाळत नसावा. तो मलूल झाला. भाकरीचा तुकडा हुंगून परत ठेवू लागला. अंगाला वास येऊ लागला तेव्हा "पावसाळी वास" म्हणून आम्ही त्याच्यावर सुवासिक पावडर शिंपडली. हे वाक्य लिहिताना आजही लाज वाटते. मागच्या मांडीजवळ फणी गेली की तो गुरगुरू लागला. आईने त्याचा अर्थ "आज त्याचे मन नाही" असा केला आणि तेवढी जागा ती सोडू लागली. तिसऱ्या दिवशी आमची धाकटी कन्यका त्याच्याजवळ बसली होती. ती एकाएकी ओरडली, "बाबा, याच्या केसांत काहीतरी हलतंय !"

जनावरांच्या डॉक्टरांनी यंत्राने त्या जागेचे केस काढले. वरून रेशमासारखे दिसणारे केस आतून तळहाताएवढ्या नमद्याने एकमेकांना जखडले होते. आणि त्या नमद्याखाली, सतत ओल्या राहिलेल्या कातडीला जखम होऊन तीत अळ्या पडल्या होत्या. जखमेचे तोंड रुपयाएवढे होते, पण आत ती खोल गेली होती. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले : पावसाळ्यात माश्या अशा ओल्या, कोंदट जागी अंडी घालतात, एखाद्या दिवसातच अळ्या बाहेर पडतात आणि मांसावर पोसत आत शिरतात. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर पाय, कदाचित जीवही, वाचला नसता. बोलता बोलता त्यांनी मोतीच्या कानांतून आणि बोटांच्या बेचक्यांतून पाच-सहा गोचीडही चिमट्याने काढून दाखविले. गोचीड नुसते रक्त पीत नाही. त्याच्यामार्फत कुत्र्याच्या रक्तात शिरणारे ताप प्राणघातक ठरू शकतात. "केस वाढवणारे पुष्कळ येतात हो," ते म्हणाले, "केसांखाली बघणारे थोडे."

त्या रात्री आई जेवली नाही. ओसरीवर बसून ती स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. "रोज फणी फिरवत होते रे मी," ती म्हणाली, "माझ्या हाताला कसं कळलं नाही ?" तिला कसे कळावे ? सत्तरी उलटलेली ती बाई. बोटांत पूर्वीचा तल्लखपणा नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. तिने आपल्या परीने रोज सेवा केली होती. कळावयास हवे होते ते आम्हांला. आणि आम्ही वर्षभर दुरून डोंगर साजरे म्हणत पाहत राहिलो होतो. पैसे वाचविण्याचे समाधान आमचे, कौतुक आमचे आणि कष्ट एकट्या म्हातारीचे, अशी ती विभागणी होती. 'घरी करतो' या आमच्या वाक्यातला कर्ता कोण, हे आम्ही कधी स्वतःला विचारलेच नव्हते.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी आणि त्याला विनाकारण यातना होऊ नयेत यासाठी शक्य ते सर्व उपाय योजले पाहिजेत, असे सांगितले आहे. क्रूरता म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे चाबूक आणि काठी येते. पण हाती कंगवा असून आत न पाहणे, हेही त्या मुक्या जिवाच्या दृष्टीने काठीहून फारसे निराळे नसते. मोती तीन आठवड्यांनी बरा झाला. त्या काळात रोज जखम धुणे, औषध भरणे आणि त्याने ती चाटू नये म्हणून गळ्यात बांधलेला शंकूसारखा पुठ्ठा सांभाळणे ही कामे दोन्ही पक्षांनी खांद्याला खांदा लावून केली.

याच सुमारास आम्हांला दोन गुरू भेटले. पहिले एक वयोवृद्ध भरवाड. त्यांचा मेंढ्यांचा कळप आमच्या घरामागच्या शेतातून कधीमधी जातो. मोतीची मांडी पाहून ते थांबले आणि कुंपणापलीकडूनच त्यांनी आम्हांला मेंढी कातरावयाची रीत सांगितली. कातर उजव्या हातात असली तरी काम डाव्या हाताचे, असे त्यांचे म्हणणे. डाव्या हाताने आधी कातडी चाचपावयाची, ताणून सपाट धरावयाची, आणि मगच कातर लावावयाची. गुंता ओढला की त्याच्याबरोबर कातडीही वर उचलली जाते. घाईने कात्री चालविणारा केस कापतो आहे असे समजून कातडीच कापतो. म्हणून गाठ आणि कातडी यांच्यामध्ये आधी कंगवा सरकवावा, आणि कात्री कंगव्याच्या वरच राहील असे पाहावे. शेकडो मेंढ्या ज्यांच्या हातांखालून गेल्या त्यांचे हे शास्त्र होते. कोणत्याही काचेच्या दुकानात ते आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या गुरू म्हणजे बडोद्यातच हा व्यवसाय करणाऱ्या एक तरुण बाई. डॉक्टरांनीच त्यांच्याकडे जावयास सुचविले. आम्ही पूर्वानुभवाने सावध होतो. "आम्ही समोर उभे राहिलो तर चालेल का ?" असे विचारले. "उभे राहा ना, तोही शांत राहील," असे उत्तर आले. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी दहा मिनिटे नुसती मोतीच्या सर्वांगावरून बोटे फिरविली. कान हुंगून पाहिले, तळवे उलटून पाहिले, जुनी जखम कोठे आहे ते विचारले. मग केस एका बाजूला उचलून धरून, खालच्या ओळीपासून एकेक पदर सोडीत, टोकाकडून मुळाकडे विंचरत त्या वर वर गेल्या. वरचा केस हा पडदा. तो बाजूला सारल्याखेरीज घरात काय चालले आहे ते कळत नाही, हे आम्ही तेथे प्रथम पाहिले. मधून मधून त्या पाते स्वतःच्या मनगटाला लावून ते तापले नाही ना, याची खात्री करून घेत. केस त्यांनी बोटभर ठेवले. घरी येताच मोती अंगणात दोन फेऱ्या धावला. पलंगाखाली काही गेला नाही. तेव्हा धंदेवाईक माणूस म्हटला की तो सारखाच, हे आमचे मत चुकीचे होते. घरचे म्हणजे प्रेमाचे आणि बाहेरचे म्हणजे पैशाचे, अशी सरळ वाटणी जगात कोठेच नसते.

शिवाय हा धंदा काही आजकालचा नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पॅरिस शहरी सीन नदीच्या पुलांवर आणि काठांवर कुत्र्यांचे केस कापून देणारे आपली हत्यारे मांडून बसत. पूडल जातीच्या कुत्र्यांची कमर उघडी आणि सांध्यांवर केसांचे गोंडे, ही तऱ्हा पाहून आपल्याला हसू येते. परंतु तो कुत्रा मुळात पाण्यात पडलेली शिकार आणून देणारा. पोहताना ओझे होऊ नये म्हणून केस काढावयाचे, आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेवढ्या जागी ठेवावयाचे, अशी त्या शोभेमागची कथा सांगतात. याच्या उलट हंगेरीतला कोमोंडोर. त्या मेंढपाळ कुत्र्याला कंगवा लावीतच नाहीत. त्याच्या केसांच्या दोऱ्या वळल्या जातात, आणि लांडग्याचे दात त्या जाड आवरणात अडतात. मात्र त्या दोऱ्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा होऊ नये म्हणून मालकाला त्या हातांनी सुट्या कराव्या लागतात, आणि एकदा धुतल्यावर त्या वाळता वाळत नाहीत. म्हणजे विंचरावे की न विंचरावे याचाही सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही. कुत्रा कोणता, मुलूख कोणता आणि तो करतो काय, हे पाहून ठरवावे लागते. सुटका एकाच गोष्टीतून कोणाची नाही, ती म्हणजे हात लावण्यातून.

आता आमच्या घरी जो तह झाला आहे त्याची कलमे अशी. रोजची पंधरा मिनिटे घरची. त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळ्या लिहिल्या आहेत, आणि त्यांत अस्मादिकांचे नाव आठवड्यातून तीनदा येते. कानांमागे, काखेत, मांड्यांत, शेपटीच्या मुळाशी आणि गळपट्ट्याखाली बोटे घालून पाहावयाचे. या पाच जागी गुंता प्रथम धरतो. लहान गाठ बोटांनीच उकलावयाची. तिच्यावर थोडे मक्याचे पीठ, आमच्या चिरंजीवांच्या भाषेत कॉर्नफ्लोअर, चोळले की ती सैल पडते. नंतर रुंद दातांचा कंगवा, त्यानंतर तारांचा ब्रश. आंघोळ तीन-चार आठवड्यांनी, कुत्र्यांसाठीच्या शांपूने, आणि ती विंचरून झाल्यावर. मग लव मुळापर्यंत वाळेतो टॉवेल आणि वारा. पावसाळ्यात बाहेरून आला की पंजे पुसावयाचे आणि बोटांची बेचकी तपासावयाची. गोचीड दिसला तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढावयाचा. त्याच्यावर रॉकेल ओतण्याचा शेजारधर्माचा सल्ला आम्ही आभारपूर्वक नाकारला आहे.

दर दोन महिन्यांनी बडोद्याची वारी. केस आखूड करणे, डोळ्यांवरची झुलपे नेमकी कापणे आणि नखे काढणे ही कामे त्या बाईंची. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही, आणि मोतीची नखे काळी. तेथे आमच्या स्वावलंबनाने हात जोडले आहेत. कातडीला चिकटलेली मोठी गाठ, दुर्गंध, जखम, किंवा एखाद्या जागी हात लावताच गुरगुरणे, यांपैकी काही आढळले की घर आणि दुकान दोन्ही सोडून थेट डॉक्टर. तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. आणि ते आम्ही मोतीच्या मांडीवर लिहून घेतले आहे. तेथे आजही रुपयाएवढ्या जागेत केस उगवत नाहीत.

कोणी विचारील, मग शेवटी जिंकले कोण, घर की बाजार ? आम्हांला वाटते, प्रश्नच थोडा चुकला होता. पैसे देऊन आपण दुसऱ्याचे कौशल्य घेऊ शकतो. आपली नजर मात्र त्याच्या स्वाधीन करून मोकळे होऊ शकत नाही. दोन महिन्यांतले एकोणसाठ दिवस कुत्रा आपल्याच दारात असतो. उलटपक्षी, नुसत्या मायेला हाताची विद्या येत नसेल तर तिने ती शिकून घेतली पाहिजे, आणि शिकता येण्यासारखे नसेल तेथे शहाण्या माणसाच्या दारात उभे राहण्यात कमीपणा मानू नये. युधिष्ठिराने आपल्या सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. स्वर्गाच्या दाराशी घेतलेला निर्णय एकदाच घ्यावयाचा असतो. ओसरीवरचा रोज सायंकाळी घ्यावा लागतो, आणि तो पुष्कळदा कंटाळवाणा असतो.

मोतीच्या आजारानंतर आईने फणी खाली ठेवली होती. "माझ्यावर नका टाकू आता," असे ती म्हणे. पुढे तिच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. खांदा मात्र धरला तो धरलाच. स्वतःच्या वेणीपर्यंतही हात पोहोचेना. आता दिवेलागणीला आमची कन्यका आजीची वेणी घालते. मोती दोघींच्या पायांशी येऊन बसतो. आपली पाळी केव्हा येते त्याची वाट पाहत असावा. कंगवा त्या दिवशी ज्याच्या नावावर असेल तो फिरवितो. पण त्याआधी सर्वांगावरून बोटे फिरविण्याचे काम आम्ही पुन्हा आईकडेच दिले आहे. ती घाई करीत नाही. आणि न दिसलेले शोधण्याची जी चिकाटी तिला त्या श्रावणाने दिली, ती आमच्यापैकी कोणाजवळही नाही.

कालच असे झाले. मोतीच्या डाव्या कानामागे तिची बोटे थांबली. तिने तीच जागा पुन्हा चाचपली. "इथे एक गाठ आहे रे," ती म्हणाली, "लहान आहे, पण आहे." आणि दुसऱ्या पक्षाचे पुढारी मुकाट्याने कंगवा घेऊन आले.